सशाचं पिल्लू खाद्याजवळ जातं, पण खात नाही? आधी त्याचे दात बघा

आठवडी बाजारात जाळीच्या पेटीत पांढरीशुभ्र पिल्लं दिसली की पोरं हट्ट धरतात. मुठीत मावेल एवढं पिल्लू घरी येतं. कुणी गाजर देतं, कुणी बिस्किट, कुणी भाकरीचा तुकडा. दोन-चार दिवस ते अंगणभर उड्या मारतं. मग एका कोपऱ्यात अंग आक्रसून बसतं. वाटीजवळ जातं, हुंगतं, पानाचा तुकडा तोंडात धरतं आणि सोडून देतं. घरातले म्हणतात, "खातंय की, वाटीपाशीच तर असतं." आणि एक दिवस सकाळी ते गार पडलेलं सापडतं.

अशा वेळी नजर लागली, थंडी बाधली, माती सोसली नाही असं काहीबाही बोललं जातं. पण बऱ्याचदा दोष असतो दातांत. दूध पिताना दात लागत नाहीत, त्यामुळे दाताचं व्यंग तोवर लपून राहतं. दूध तुटून गवत खायची वेळ आली की ते उघडं पडतं. आईविना, हातानं वाढवलेल्या अशक्त पिल्लाला तेव्हा उपास सोसत नाही. म्हणून पिल्लू पाळणाऱ्यानं दोन गोष्टी शिकून घ्यायला हव्यात. दूध नीट कसं पाजायचं ही एक, आणि ते पिल्लू उपाशी आहे हे वेळेत कसं ओळखायचं ही दुसरी.

पिल्लू खरंच पोरकं आहे का?

घरी ससे पाळणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. मादी पिल्लांजवळ बसत नाही, हे बघून "आईनं टाकली" असं ठरवलं जातं. सशाची आई शेळीसारखी दिवसभर पिल्लांना पाजत नाही. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा येते, तेही बहुतेक रात्री किंवा पहाटे. तीन ते पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. पिल्लांपासून लांब राहण्यात तिचा शहाणपणा असतो, कारण तिच्या वासानं शिकारी प्राणी घरट्यापर्यंत येऊ शकतात.

म्हणून सकाळी पिल्लाचं पोट बघा. पोट गोल, ताणलेलं आणि अंग गरम असेल तर आईनं पाजलं आहे, हात लावायची गरज नाही. पोट खपाटीला गेलेलं, कातडीला सुरकुत्या, अंग गार आणि पिल्लू सारखं वळवळतंय, तर ते उपाशी आहे. माणसाचा हात लागला म्हणून पाळीव मादी पिल्लू टाकत नाही. हात धुऊन पिल्लं बघायला हरकत नाही.

आई मेली असेल, पण घरात किंवा शेजारी दुसरी व्यालेली मादी असेल, तर पिल्लू तिच्या घरट्यात ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय. दोन्हीकडच्या पिल्लांच्या वयात दोन-तीन दिवसांचाच फरक असावा. तिच्याच घरट्यातले केस पिल्लाच्या अंगाला चोळून ते मधोमध ठेवायचं. बहुतेक माद्या स्वीकारतात. हातानं दूध पाजणं हा शेवटचा मार्ग आहे. त्यात कितीही काळजी घेतली तरी सगळी पिल्लं वाचत नाहीत, हे आधीच समजून घ्यावं.

आधी ऊब, मग दूध

सशाचं पिल्लू उघडंवाघडं जन्मतं. अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. पहिला आठवडाभर त्याला स्वतःची ऊब स्वतः राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, श्वासनळीत जाण्याची भीतीही वाढते. म्हणून आधी पिल्लू गरम करायचं.

पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती कापड आणि त्यावर वाळलेलं मऊ गवत घाला. आईनं उपटलेले केस असतील तर तेही टाका. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी असू द्या, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकू शकेल. घरट्यात साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस ऊब पुरेशी असते. पिवळा बल्ब अगदी जवळ लावू नका, पिल्लं भाजतात.

खोकं जमिनीवर ठेवू नका. मांजर, कुत्रं, घूस यांच्याइतकीच भीती मुंग्यांची असते. उघड्या अंगाच्या पिल्लाला मुंग्या लागल्या तर रात्रीत खेळ संपतो. खोकं स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवणं हा जुना उपाय इथंही चालतो. एप्रिल-मे महिन्यात मात्र उलटी काळजी घ्यायची. सशाला उष्णता सोसत नाही. पत्र्याखाली ठेवलेलं खोकं दुपारी भट्टी होतं, ते गारव्याच्या खोलीतच हवं.

कोणतं दूध, किती दूध?

सशाचं दूध फार घट्ट असतं. त्यात साधारण १२ ते १३ टक्के स्निग्धांश असतो. गाईच्या दुधात तो चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून गाईचं दूध, त्यातही पाणी घातलेलं, पाजलं तर पोट भरल्यासारखं दिसतं पण वजन वाढत नाही. सशाच्या दुधात साखर अगदी कमी असते, त्यामुळे गोड केलेलं दूध त्याला हगवण लावतं.

मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर सगळ्यात जवळची. शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात ती मिळते, ऑनलाइनही मागवता येते. ती हातात येईपर्यंत शेळीचं दूध उकळून, कोमट करून द्यावं. साखर नको, पाणी नको, लहान मुलांची दूध पावडर नको.

मध्यम आकाराच्या जातीच्या पिल्लाला दिवसातून दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ पाजायचं. दर वेळचं प्रमाण साधारण असं:

• पहिला आठवडा: २ ते २.५ मिली
• दुसरा आठवडा: ५ ते ७ मिली
• तिसरा आठवडा: ७ ते १३ मिली
• त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत: १३ ते १५ मिली

ही वरची मर्यादा समजा. पिल्लू बारकं असेल तर कमी, आणि फार अशक्त असेल तर तेच दूध तीन-चार वेळांत वाटून द्यावं. पोट गोल दिसलं की थांबायचं. नगाऱ्यासारखं फुगेपर्यंत पाजू नये.

दूध नाकात गेलं की जीवावर बेततं

हातानं वाढवलेली बरीच पिल्लं भुकेनं मरत नाहीत, घाईनं पाजलेल्या दुधानं मरतात. दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो.

सुई काढलेली एक मिलीची सिरिंज घ्या. पिल्लू फडक्यात धरून पालथंच ठेवा, डोकं किंचित वर. तान्ह्या मुलासारखं उताणं धरून कधीही पाजू नका. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेला लावून एक थेंब सोडा, तो गिळू द्या, मग दुसरा. दांडा जोरात दाबायचा नाही. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा आणि ते शांत होईपर्यंत वाट बघा.

पाजून झालं की आणखी एक काम असतं. आई पिल्लाला चाटते तेव्हाच ते शी-शू करतं. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हळूहळू फिरवायचा. लघवी होईपर्यंत फिरवा. साधारण दहा-बारा दिवसांनी डोळे उघडले की ते आपलं आपण करू लागतं.

घरात धान्य किंवा मसाला मोजायचा डिजिटल काटा असेल तर पिल्लाचं वजन रोज एकाच वेळी करा आणि वहीत मांडा. जन्मतः मध्यम जातीचं पिल्लू साधारण ४० ते ६० ग्रॅम भरतं आणि आईचं दूध पिणारं पिल्लू आठवड्याभरात दुप्पट होतं. हातानं वाढवलेलं थोडं मागं राहतं, पण आकडा रोज पुढं सरकला पाहिजे. ही वही पुढे दातांच्या वेळी फार कामाला येते.

तिसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा

पिल्लू अठरा-वीस दिवसांचं झालं की गवत कुरतडायला लागतं. दूध चालू ठेवूनच त्याच्यापुढं मऊ वाळलेलं गवत टाका. दूर्वा, हरळी, मारवेल, घास यांतलं काहीही वाळवून चालतं. सशाचं कोरडं खाद्य थोडंसं द्या. पाणी उथळ वाटीत ठेवा. बाजारातून आणलेलं पिल्लू बऱ्याचदा याच वयाचं असतं, म्हणजे आईपासून फार लवकर तोडलेलं. खरं तर आठ आठवडे आईजवळ राहिलं तर ते चांगलं तगतं.

निरोगी मोठा ससा घरी असेल तर त्याच्या रात्रीच्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या पिल्लाला खाऊ द्या. हे किळसवाणं वाटेल, पण ससे तसं करतातच. त्यातून पोटात चांगले जिवाणू जातात आणि गवत पचायला लागतं.

बांधावरचं गवत कापताना एक गोष्ट विचारा: शेजाऱ्यानं तणनाशक किंवा कीटकनाशक मारलंय का? फवारणी झालेलं गवत पिल्लाला नकोच. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते हे शेतकऱ्याला सांगायला नको, सशालाही ती देऊ नका. सुबाभळीचा पाला जास्त दिला तर सशाचे केस गळतात. भाकरी, भात, बिस्किट, फरसाण हे सशाचं अन्न नव्हे. त्यानं पोट बिघडतं आणि दातांना चावण्याचं कामही मिळत नाही.

सशाचे दात थांबत नाहीत

माणसाचे दात एकदा आले की तेवढेच राहतात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. मोठ्या सशाला २८ दात असतात. समोरचे सहा, त्यांतले चार वर आणि दोन खाली. वरचे दोन मोठे दात दिसतात. त्यांच्या मागं दोन बारीक खुंट्या असतात, त्या सहज दिसत नाहीत. बाकीचे २२ दात गालात, दाढांच्या जागी.

समोरचे दात आठवड्याला दोन मिलिमीटरहून थोडे जास्त वाढतात. म्हणजे वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर. तरी ते तोंडात मावतात, कारण वरचे-खालचे दात एकमेकांवर घासून झिजतात. खालच्या दातांचं टोक वरच्या मोठ्या दातांच्या मागं, त्या बारीक खुंट्यांवर टेकतं. दाढा गवत रगडताना झिजतात. गवत चरचरीत असतं, त्यात वाळूसारखे बारीक कण असतात. जात्याची पाळी जशी दाण्यावर फिरते तशी दाढ गवतावर फिरते.

आता जबड्याची ठेवणच चुकलेली असेल तर? वरचा जबडा आखूड, खालचा पुढं आलेला. मग दातांना दात लागत नाहीत, झीज थांबते, वाढ मात्र चालूच राहते. खालचे दात सुळ्यासारखे बाहेर येतात. वरचे आत वळून टाळूत किंवा गालात घुसतात. अशा पिल्लाला पानाचा तुकडा तोडताच येत नाही. भूक असते, म्हणून ते वाटीपाशी जातं. दात लागत नाहीत, म्हणून तोंडातलं सोडून देतं. "खातंय की" असं घरच्यांना वाटतं ते इथंच.

हा दोष बऱ्याचदा जन्मतःच असतो. चपट्या तोंडाच्या, बुटक्या आणि लोंबत्या कानांच्या जातींत तो जास्त दिसतो. तिसऱ्या आठवड्यापासून तो लक्षात येऊ शकतो, दोन-अडीच महिन्यांत तर स्पष्टच दिसतो. आईबापांकडून येणारा हा दोष असल्यानं असं पिल्लू देणारी जोडी पुन्हा लावू नये आणि ते पिल्लूही पैदाशीला ठेवू नये. काही वेळा पडून दात मोडल्यानं किंवा पिंजऱ्याची तार सारखी ओढल्यानंही दात वाकडे होतात.

घरच्या घरी दात कसे बघायचे?

दोघांनी मिळून बघा. एकानं पिल्लू टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचं, मागचे पाय नीट आधारानं. ससा घाबरून मागच्या पायांनी झटका देतो आणि त्या झटक्यानं त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. कानाला धरून तर कधीच उचलायचं नाही.

दुसऱ्यानं वरचा ओठ दोन्ही बाजूंनी अलगद वर करायचा. तोंड उघडायचं नाही, नुसता ओठ बाजूला. उन्हाचा उजेड असेल तर टॉर्चचीही गरज नाही. समोरून एक आणि बाजूनं एक असे दोन फोटो मोबाइलवर काढा. आठवड्यातून एकदा, तारखेसह. तीन आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की दात सरळ आहेत की वाकताहेत हे कुणालाही कळतं. हेच फोटो डॉक्टरांना दाखवता येतात.

गालातले दात घरी दिसत नाहीत. त्यांच्या दुखण्याची खूण बाहेरून ओळखायची:

• हनुवटी आणि मानेखालचे केस लाळेनं ओले
• एका डोळ्यातून सारखं पाणी
• दात करकर वाजवणं, अंग आक्रसून बसणं
• मऊ पाला खातं पण गवत टाळतं
• खालच्या जबड्याला गाठ लागणं
• लेंड्या बारीक, कमी किंवा बंद
• वहीतलं वजन दोन दिवस थांबलेलं किंवा उतरलेलं

यांतली शेवटची दोन लक्षणं सगळ्यात आधी दिसतात. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की आत गॅस साठतो. सशाला उलटीही होत नाही. मोठ्या सशानं बारा तास काही खाल्लं नाही तर तातडीची वेळ समजतात. पिल्लाला तेवढाही वेळ नसतो. "सकाळी बघू" म्हणून झोपू नये.

नेलकटर, पक्कड, कात्री: हात लावू नका

दात लांब दिसले की घरातला कुणीतरी नेलकटर आणतो. शेळीचे खूर छाटतो तसंच हे, असं त्याला वाटतं. पण दात खुरासारखा नसतो. नेलकटरनं दाबला की तो उभा चिरतो. चीर मुळापर्यंत गेली की तिथं जंतू शिरतात आणि जबड्यात पू होतो. सशाचा पू पातळ नसतो, चुन्याच्या लगद्यासारखा घट्ट असतो. तो सहज वाहून जात नाही. तुटलेल्या दाताची धार जीभ आणि ओठ कापते ते वेगळंच.

डॉक्टर दात तोडत नाहीत, फिरत्या यंत्रानं घासून कमी करतात. समोरच्या दातांचं काम लवकर उरकतं. दाढांसाठी भूल द्यावी लागते. जबड्याची ठेवण चुकलेली असेल तर दात पुन्हा वाढतात, म्हणून दर तीन ते सहा आठवड्यांनी हे करावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे पिल्लू मोठं आणि सशक्त झाल्यावर समोरचे सहाही दात काढून टाकणं. ऐकायला क्रूर वाटतं, पण समोरचे दात नसलेला ससा ओठांनी चिरलेलं गवत उचलतो, दाढांनी रगडतो आणि छान जगतो.

दातानं अधू पिल्लाला भरवायचं कसं?

डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत आणि त्यानंतरही पोट रिकामं राहता कामा नये.

हिरवं गवत बोटाच्या पेराएवढं बारीक चिरून द्या. कोथिंबीर, मेथी, हरभऱ्याचा पाला थोडा थोडा द्या. गाजर किसून, तेही चमचाभरच, कारण त्यात साखर असते. चारा चिरून दिला तरी गवत बंद करायचं नाही. ते बंद केलं तर समोरच्या दातांपाठोपाठ दाढाही बिघडतात.

स्वतः खातच नसेल तर सशाचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखं करा. जाड तोंडाची सिरिंज घ्या. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूनं थोडं थोडं द्या. एका वेळी अर्धा मिली, चावून गिळलं की पुढचं. तीन आठवड्यांहून लहान पिल्लाला पेज नको, दूधच द्यायचं. आणि पोट टणक, फुगलेलं, थोपटल्यावर ढोलासारखं वाजत असेल तर काहीही भरवू नका. तडक दवाखाना गाठा.

मेडिकलमधून गोळी आणण्याआधी थांबा

गावात कुणी आजारी पडलं की घरात उरलेली अ‍ॅमॉक्सिसिलीन शोधली जाते. माणसाला आणि कुत्र्याला चालणारं हे औषध सशाच्या पोटात गेलं तर त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतं, घातक जिवाणू माजतात आणि काही दिवसांत ससा दगावतो. अ‍ॅम्पिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांचंही तसंच. सशाला चालणारी वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांनीच वजनाप्रमाणे ठरवायची.

कुत्र्याच्या गोचीड-पिसवांवर वापरला जाणारा फिप्रोनिलचा स्प्रेही सशासाठी विषारी आहे. अंगावर पिसवा दिसल्या म्हणून तो मारू नका.

डॉक्टर कुठं मिळतील?

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं असतं. दात घासायचं बारीक यंत्र तिथं असेलच असं नाही. तरीही पहिली भेट तिथंच द्यावी. पोट चालू करणं, सलाईन, दुखणं कमी करणं हे तिथं होऊ शकतं. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

दातांच्या कामासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. मुंबईत परळ, नागपूर, परभणी, लातूर जिल्ह्यात उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ इथं ही महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून सशाचे दात घासतात का, कोणत्या दिवशी यायचं, हे विचारून घ्या.

प्रवास सकाळच्या गारव्यात करा. हवा खेळती राहील असं खोकं, खाली कापड आणि सोबत गवत. भूल द्यायची म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची पद्धत सशाला लागू नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर त्याचं खाणं चालू ठेवा. वजनाची वही आणि मोबाइलमधले फोटो सोबत न्या. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

उसाच्या फडातलं पिल्लू मात्र वेगळं

ऊसतोडीच्या वेळी किंवा नांगरटीत सशाची पिल्लं सापडतात. तो रानातला ससा. बाजारातल्या पांढऱ्या सशाची जात वेगळी आणि याची वेगळी. रानातलं पिल्लू जन्मतःच केसाळ असतं, डोळे उघडे असतात. ते गप्प बसून राहतं, आई अंधार पडताना येऊन पाजून जाते. त्याला उचलून घरी आणणं म्हणजे आईपासून तोडणं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला पकडणं, पाळणं हा गुन्हाही आहे. पिल्लू जखमी नसेल तर जवळच्या आडोशाला ठेवून माणसांनी लांब व्हावं. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

पोराच्या हट्टाआधी दोन मिनिटं

पिल्लू विकत घ्यायचंच असेल तर पेटीतलं सगळ्यात लहान, "गोंडस" पिल्लू निवडू नका. दोन महिन्यांचं, अंगानं भरलेलं निवडा. विकणाऱ्यासमोरच ओठ वर करून दात बघा. वरचे दात पुढं आणि खालचे त्यांच्या मागं दिसले पाहिजेत. हनुवटी कोरडी आहे का, मागची बाजू स्वच्छ आहे का हे बघा. त्याच्यापुढं गवताची काडी धरा आणि ती चावून पोटात जाते का, हे डोळ्यांनी बघूनच पैसे द्या. घरी आणल्यावर मुलांना हाताळल्यानंतर साबणानं हात धुवायची सवय लावा, कारण सशाकडून माणसाला गजकर्णासारखा बुरशीचा त्रास होऊ शकतो.

आणि पिल्लू आधीच घरात असेल, तर आज संध्याकाळी एवढं करा: काट्यावर ठेवा, वजन लिहा, दातांचे फोटो काढा, आणि सकाळी पेटीखालच्या लेंड्या बघा. आदल्या दिवसाइतक्या, गोल आणि कोरड्या असतील तर काळजी नाही. नसतील तर पिल्लू वाटीपाशी बसलेलं दिसलं तरी ते उपाशी आहे असं समजा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.